सी ड्राइव्ह भरला म्हणून डी कापायला देऊ नका

पत्र असं आहे:

"नागपूरच्या महालात आमचं लग्नपत्रिका, व्हिजिटिंग कार्ड आणि फ्लेक्सच्या डिझाइनचं दुकान आहे. यजमान छपाईकडे बघतात, कॉम्प्युटर माझ्याकडे. गेल्या आठवड्यात गिऱ्हाईक शेजारच्या स्टुलावर बसलेलं असताना फोटोशॉपनं 'स्क्रॅच डिस्क फुल' म्हणून काम सोडलं. पाहिलं तर सी ड्राइव्हची पट्टी लालभडक. 97.6 जीबीपैकी 312 एमबी शिल्लक. डी ड्राइव्ह 367 जीबीचा, त्यातले 280 जीबी मोकळे पडले आहेत. रोज रात्री टेम्प फोल्डर रिकामं करते, दोन दिवसांत पुन्हा तेच. भाचा म्हणतो, फॉरमॅट मारू. कॉम्प्युटर दुरुस्त करणारा मुलगा म्हणतो, डी कापून सीला जोडून देतो, अर्ध्या तासाचं काम आहे. सतरा वर्षांच्या पत्रिका त्यात आहेत, एकही जायला नको. त्यात लग्नसराई तोंडावर. विंडोज 10 आहे, रॅम 8 जीबी, हार्ड डिस्क जुनीच 500 जीबीची. आणि एक, जुन्या पत्रिका ठेवाव्या की आता काढून टाकाव्या?"

ताई, नमस्कार.

तुमच्या पत्रातली 'एकही जायला नको' ही ओळ धरूनच मी उत्तर लिहितो आहे. तिच्यामुळे दोन गोष्टी आधीच ठरतात: फॉरमॅट नाही, आणि डी कापणंही नाही. निदान आत्ता तरी नाही. तुमच्याकडे 280 जीबी मोकळी आहे. सामान सीमध्ये का साचतं ते सापडलं की लग्नसराई निघून जाईल, एवढी जागा एका रविवारात हाती येते.

पण रविवारची वाट न बघता आज एक करा. फोटोशॉपमध्ये एडिट, मग प्रेफरन्सेस, मग स्क्रॅच डिस्क्स, म्हणजे फोटोशॉप आपली तात्पुरती फाइल ज्या ड्राइव्हवर ठेवतं तो. तिथे सीवरची खूण काढा, डीवर करा, फोटोशॉप बंद करून पुन्हा उघडा. फोटोशॉप उघडायलाच तयार नसेल तर त्याच्या आयकॉनवर डबल क्लिक केल्याबरोबर कंट्रोल आणि ऑल्ट ही दोन बटणं दाबून धरा. सुरू होतानाच ते स्क्रॅच डिस्क कोणती हवी म्हणून विचारतं. स्टुलावरच्या गिऱ्हाइकाचं काम एवढ्यानं पुरं होईल.

आता बॅकअप. इथे मी जरा जास्त बोलणार आहे, कारण नागपुरातल्या निम्म्या छोट्या दुकानांत मला हाच गैरसमज दिसतो: "आमचा सगळा डाटा डीमध्येही आहे, म्हणजे बॅकअप आहेच." ताई, सी आणि डी या दोन वेगळ्या डिस्क नाहीत. गांधीबागेत एकाच दुकानाला मधे प्लायवूड ठोकून दोन गाळे करतात ना, तसं आहे ते. शटर एक, छप्पर एक. डिस्क खराब झाली की दोन्ही गाळे एकदम बंद. तेव्हा काहीही हलवायच्या आधी एक बाहेरची यूएसबी हार्ड डिस्क घ्या आणि तिच्यावर पत्रिकांची सगळी फोल्डरं कॉपी करा. कट नाही, कॉपी. कॉपी झाल्यावर त्या बाहेरच्या डिस्कवरूनच पाच-सहा फाइली उघडून पाहा: एखादी अगदी पहिल्या वर्षाची, एखादी मधली, एखादी कालची. उघडून पाहिल्याशिवाय तिला बॅकअप म्हणू नका.

आणि तिच्याबरोबर तुमचे फॉन्टही घ्या. सतरा वर्षांपूर्वीचं मराठी मॅटर तुम्ही श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टांत बसवलेलं असणार. त्या काळी युनिकोड, म्हणजे फॉन्ट बदलला तरी मराठी मराठीच राहतं ती पद्धत, दुकानांपर्यंत पोचलं नव्हतं. त्या फाइलीत खरं तर इंग्रजी अक्षरांचे क्रमांक असतात आणि त्यांना मराठी रूप देतो तो फॉन्ट. फॉन्ट नसेल तर 'श्री गणेशाय नमः'च्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. भाच्यानं फॉरमॅट मारला असता आणि फाइली डीमध्ये सुखरूप राहिल्या असत्या, तरी त्यातल्या किती वाचता आल्या असत्या हा प्रश्नच होता. सी ड्राइव्हमधल्या विंडोज फोल्डरात फॉन्ट्स नावाचं फोल्डर आहे. तुमच्या वापरातले मराठी फॉन्ट त्यातून निवडा, कॉपी करा, बाहेरच्या डिस्कवर पेस्ट करा. श्रीलिपीचं इन्स्टॉलर आणि त्याची लायसन्सची कागदपत्रं कुठे आहेत तेही एकदा बघून ठेवा.

आता सीमध्ये काय भरलंय ते पाहू. न बघता काही उडवायचं नाही. विंडोजमध्येच सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज इथे गेलं की रंगीत पट्ट्यांमध्ये अंदाज येतो. पण मला विनडिरस्टॅट हे फुकटचं सॉफ्टवेअर जास्त आवडतं. ते सगळा ड्राइव्ह चाळतं आणि कोणत्या फोल्डरनं किती जागा खाल्ली ते मोठ्यापासून लहानापर्यंत मांडून दाखवतं. राइट क्लिक करून 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर'नं सुरू करा, नाहीतर काही फोल्डरं त्याला दिसतच नाहीत. तुमची जुनी फिरती डिस्क आहे, तेव्हा चाळायला वेळ लागेल. चहा ठेवा तोवर.

मला न बघताही सांगता येईल की सगळ्यात मोठी पट्टी 'यूझर्स' या फोल्डरची निघेल. त्याच्या आत तुमच्या नावाचं फोल्डर, आणि त्याच्या आत डेस्कटॉप आणि डाउनलोड्स. डीटीपीच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईचं मॅटर लावायच्या, दुकानातला डेस्कटॉप कसा असतो ते मी पाहिलेलं आहे. 'चालू काम', 'चालू काम नवीन', 'फायनल', 'फायनल करेक्शन', मग आडनावांची पंचवीस फोल्डरं, मधूनच एखादा गणपतीचा पीएनजी, आणि मागचा वॉलपेपर दिसतच नाही. हे सगळं समोर असतं म्हणून ते सीच्या बाहेर आहे असं वाटतं. पण डेस्कटॉप म्हणजे सी ड्राइव्हमधलंच एक फोल्डर. गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवर फोटो पाठवतं, तुम्ही कॉम्प्युटरवर उतरवता, तो जातो डाउनलोड्समध्ये, म्हणजे पुन्हा सीमध्येच. काम उरकलं तरी तो फोटो तिथेच राहतो. एका लग्नाचे असे किती फोटो येतात, तुम्हीच मोजा. रोज रात्री तुम्ही टेम्पची मारबत काढता आणि दोन दिवसांत ती पुन्हा दारात, त्यामागे हे एक मोठं कारण आहे.

यावर उपाय म्हणजे डेस्कटॉप आणि डाउनलोड्स यांचं घरच डीमध्ये हलवायचं. फाइली उचलून न्यायची गरज नाही. फोल्डरचा पत्ता बदलायचा. आधी डीमध्ये 'डेस्कटॉप' आणि 'डाउनलोड्स' अशी दोन रिकामी फोल्डरं बनवा. मग फाइल एक्सप्लोररमध्ये 'धिस पीसी'खाली दिसणाऱ्या डाउनलोड्सवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, त्यात लोकेशन नावाचा टॅब, तिथे मूव्ह. डीमधलं नवं डाउनलोड्स फोल्डर निवडा, अप्लाय करा. जुन्या फाइलीही नव्या जागी नेऊ का, असं विंडोज विचारेल, यस म्हणा. डेस्कटॉपचंही तसंच. इथे एक चूक फार जण करतात आणि ती निस्तरताना घाम फुटतो: नवं फोल्डर न निवडता सरळ डी ड्राइव्हच निवडतात. मग आख्खा डीच डेस्कटॉप होऊन बसतो आणि मागे फिरणं अवघड होतं. म्हणून फोल्डर आधी बनवायचं म्हणतो. आणि तुमचा डेस्कटॉप वनड्राइव्हशी, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेटवरच्या साठवणीशी, जोडलेला असेल, फाइलींच्या आयकॉनवर ढगाची किंवा हिरव्या टिकेची खूण दिसत असेल, तर आधी वनड्राइव्हच्या सेटिंगमधून ती जोडणी काढा, मगच हे करा.

सगळं हलवायच्या आधी चालू कामांपैकी पेजमेकर किंवा इनडिझाइनमध्ये केलेली कामं बाजूला काढा. त्यांतले फोटो बहुधा फाइलीच्या आत नसतात, नुसता पत्ता असतो. पत्ता बदलला की 'लिंक मिसिंग' येतं. फोटो आणि फाइल एकाच फोल्डरात ठेवायची सवय असेल तर एकदा पुन्हा जोडून देणं पुरतं. कोरलड्रॉमध्ये सहसा हा त्रास होत नाही, कारण तिथे इंपोर्ट केलेला फोटो फाइलीतच बसतो.

एवढ्यानंच बरीच जागा मोकळी होईल. पण टेम्प दोन दिवसांत का भरतं, त्याचं खरं उत्तर तुमच्या फ्लेक्समध्ये आहे, आणि ते जरा जवळून बघण्यासारखं आहे.

समजा सहा बाय चार फुटांचा बॅनर आहे आणि तो तुम्ही 300 डीपीआयला, म्हणजे एका इंचात 300 ठिपके, असा घेतला. सहा फूट म्हणजे 72 इंच, चार फूट म्हणजे 48. रुंदीत 21,600 पिक्सेल, उंचीत 14,400. गुणाकार केला तर 31 कोटींहून अधिक पिक्सेल. सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार रंगांत, प्रत्येक पिक्सेलला 4 बाइट. म्हणजे एका सपाट लेअरचा हिशेब सव्वा जीबीच्या आसपास गेला. त्यावर नेत्याचा फोटो, मागे झेंडा, खाली कार्यकर्त्यांची रांग, प्रत्येकाचा वेगळा लेअर. शिवाय मागे जाता यावं म्हणून फोटोशॉप हिस्टरी सांभाळतं. 8 जीबी रॅममध्ये हे मावत नाही. मग ते डिस्कवर तात्पुरती फाइल बनवतं, तीच स्क्रॅच. फोटोशॉप नीट बंद केलं तर ती फाइल ते स्वतःच पुसतं. पण मधेच लाइन गेली, किंवा फोटोशॉप अडकलं म्हणून तुम्ही ते जबरदस्तीनं बंद केलं, तर 'फोटोशॉप टेम्प' नावाची ती फाइल तशीच पडून राहते. एकेक फाइल कित्येक जीबींची असू शकते. म्हणून टेम्प साफ करताना फोटोशॉप पूर्ण बंद असलं पाहिजे; चालू असेल तर वापरातली फाइल विंडोज उडवू देत नाही आणि तुम्ही 'स्किप' दाबून पुढे जाता. तुमचं बहुधा हेच होत असावं.

यापुढे जागा खाणारी फाइल बनेल ती डीमध्ये, कारण स्क्रॅच तुम्ही हलवलीत. पण खरा फायदा दुसरीकडे आहे. चौकात पंधरा फुटांवरून बघायच्या फ्लेक्सला 300 डीपीआय लागत नाही. 100 डीपीआयला तोच बॅनर 7,200 बाय 4,800 पिक्सेलचा होतो आणि एक लेअर सव्वा जीबीवरून 138 एमबीच्या आसपास येतो, बरोबर नववा हिस्सा. मोठ्या होर्डिंगला 72 डीपीआयही चालतं. तुम्ही ज्यांच्याकडे फ्लेक्स छापायला देता त्यांना एकदा विचारून घ्या, त्यांच्या मशीनला किती हवं ते. पत्रिकेला मात्र 300च ठेवा. ती माणूस हातात धरून वाचतो, तिथे तडजोड नको. फ्लेक्स हलका झाला की मशीनही हलकं चालेल, आणि गिऱ्हाइकाला स्टुलावर कमी वेळ बसावं लागेल.

दुकानातली आणखी एक जागा आहे जी कुणी बघत नाही: प्रिंटची रांग. प्रिंट दिली, प्रिंटर अडकला, तुम्ही प्रिंटरच बंद करून पुन्हा चालू केला. अर्धवट राहिलेलं काम विंडोज कधी कधी जपून ठेवतं. विंडोज फोल्डरात सिस्टिम32, त्यात स्पूल, त्यात प्रिंटर्स. तिथे जुन्या फाइली साचल्या असतील तर आधी सर्व्हिसेसमध्ये जाऊन 'प्रिंट स्पूलर' थांबवायचा, त्या फोल्डरच्या आतल्या फाइली काढायच्या, मग स्पूलर पुन्हा सुरू करायचा. फोल्डर तसंच ठेवायचं, फक्त आतलं काढायचं. हे करताना प्रिंटला काही लावलेलं नसावं.

मग विंडोजचा स्वतःचा कचरा. स्टार्टमध्ये 'डिस्क क्लीनअप' शोधा, सी निवडा, आणि आत 'क्लीन अप सिस्टिम फाइल्स' हे बटण दाबा. ते न दाबता केलेली सफाई वरवरची होते. 'विंडोज अपडेट क्लीनअप', 'डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन', टेम्पररी फाइल्स, थंबनेल्स यांवर बेधडक खूण करा. 'डाउनलोड्स' दिसलं तर त्यावर खूण आहे का ते पाहा आणि असेल तर काढा. 'प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन' दिसलं तर तेही घ्या. ते मोठं असतं, पण एकदा काढलं की जुन्या विंडोजवर परत जाता येत नाही. अपडेट क्लीनअपला जुन्या डिस्कवर तास-दीड तासही लागू शकतो. पट्टी पुढे सरकत नाही म्हणून मधे बटण दाबून बंद करू नका. संध्याकाळी दुकान आवरताना लावा.

रीसायकल बिनही रिकामं करा. सीवरून डिलीट केलेली वस्तू रीसायकल बिनमध्ये गेली तरी सीमध्येच असते, म्हणून कितीही उडवलं तरी आकडा हलत नाही. रिकामं करण्याआधी एकदा डोळ्याखालून घाला. सतरा वर्षांत चुकून उडालेली एखादी पत्रिका तिथे सापडायची.

तुमचं मशीन टेबलावरचं आहे, लॅपटॉप नाही. मग हायबरनेटची फाइल तुमच्या काहीच कामाची नाही. झोपताना रॅममधलं सगळं डिस्कवर उतरवून ठेवायला विंडोज ती आधीच अडवून ठेवतं, आणि ती सहसा रॅमच्या 40 टक्के असते. 8 जीबीला सव्वातीन जीबीच्या आसपास. लपलेली असल्यामुळे साध्या खिडकीत दिसत नाही. स्टार्टमध्ये सीएमडी शोधून ते ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि इंग्रजी अक्षरांत टाइप करा: पॉवरसीएफजी, एक स्पेस, तिरकी रेघ आणि लगेच एच, पुन्हा स्पेस, ऑफ. एंटर. काही उत्तर येत नाही, तीच ते झाल्याची खूण. त्यानंतर मशीन सुरू व्हायला थोडा जास्त वेळ घेईल, कारण त्याची 'फास्ट स्टार्टअप' ही सोय याच फाइलीवर चालते. पुन्हा हवं असेल तर ऑफच्या जागी ऑन.

पेजफाइल मात्र राहू द्या. रॅम कमी पडते तेव्हा विंडोज तिथेच टेकतं, आणि तुमच्यासारख्या कामात ती रोज लागते.

आणि या दोन फोल्डरांना हात लावायचा नाही, कुणी कितीही सांगितलं तरी. विंडोज फोल्डरातलं 'विनएसएक्सएस' आणि 'इन्स्टॉलर'. विनडिरस्टॅटमध्ये ही मोठी दिसतील आणि भाच्याचा हात शिवशिवेल. विनएसएक्सएसचा आकडा बराचसा दिखाऊ असतो. एकच फाइल दोन नावांनी दोन ठिकाणी असते आणि मोजणारा ती दोनदा मोजतो. ते हातानं उडवलं तर विंडोज पुढे अपडेट घेताना किंवा सुरू होतानाच अडकू शकतं. इन्स्टॉलरमध्ये तुमच्या प्रोग्रामांच्या दुरुस्तीच्या आणि काढण्याच्या फाइली असतात. कोरल बिघडलं आणि दुरुस्त करायला गेलात, की तेव्हाच त्या गेल्याचं कळतं. एका क्लिकमध्ये मशीन चकाचक करू म्हणणारी फुकटची सॉफ्टवेअरंही नको. ती जागा मोकळी करतात थोडी, आणि स्वतः येऊन बसतात.

हे सगळं झाल्यावर सीमध्ये निदान 15 जीबी मोकळे दिसले पाहिजेत. मला वाटतं, तुमचे त्याहून बरेच जास्त निघतील.

आता डी कापण्याबद्दल. त्या मुलाचा हेतू वाईट नाही, पण 'अर्ध्या तासाचं काम' हे खरं नाही. तुमचा सी 97.6 का आहे माहीत आहे? मशीन जुळवणाऱ्यानं विंडोज टाकताना सीसाठी 1,00,000 एमबी असा गोल आकडा टाइप केला. 1,024 एमबीचा एक जीबी, म्हणून तो 97.6 दिसतो. 500 जीबीची डिस्कही याच हिशेबानं विंडोजमध्ये 465 दिसते. तेव्हा 100 जीबी म्हणजे खूप वाटत होतं. बाकी सगळं डीला गेलं. डिस्कवर आधी सी आहे, त्याला चिकटून डी. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये डी लहान केला की मोकळी जागा निघते ती डीच्या शेपटाकडून. सीला जोडायला ती सीला लागून हवी, म्हणजे डीच्या डोक्याकडून. म्हणूनच तिथे 'एक्स्टेंड व्हॉल्यूम' फिकट दिसतं आणि दाबलं जात नाही. मघाचे दोन गाळे आठवा: प्लायवूड सरकवायचं तर शेजारच्या गाळ्यातलं भिंतीलगतचं सामान आधी आत सरकवावं लागतं. बाहेरची सॉफ्टवेअरं तेच करतात. तुमच्या डीमधला 87 जीबी डाटा डिस्कवर एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवतात. जुन्या फिरत्या डिस्कवर हे तासन्‌तास चालतं, आणि मधे लाइन गेली तर डी अर्धा इकडे, अर्धा तिकडे.

हे मी अनुभवावरून सांगतो. काही वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकाची पानं मी लावत होतो. सी भरला, अंक छापखान्यात जायला दोन आठवडे होते, आणि मी डी सरकवायला घेतला. यूपीएस होता, पण त्याची बॅटरी मेली आहे हे मला लाइन गेल्यावर कळलं. मशीन पुन्हा सुरू केलं तेव्हा डीच्या जागी विंडोज 'फॉरमॅट करू का?' विचारत होतं. काही फाइली परत मिळाल्या, नावं गेलेल्या, नुसत्या क्रमांकांच्या. बाकीची पानं प्रूफच्या कागदांवरून पुन्हा कंपोझ केली, नऊ रात्री. प्रूफं लाल पेनानं भरलेली होती, आणि नेमक्या त्या दुरुस्त्यांमुळेच ओळी लागत होत्या. तो कागद नसता तर अंक त्या दिवाळीत निघाला नसता. तुमच्याकडे सतरा वर्षांचे कागद नाहीत, ताई.

कधी तरी सी मोठा करावासा वाटलाच, तर त्यापेक्षा एक एसएसडी, म्हणजे आत काही न फिरणारी वेगवान डिस्क, घ्या. अडीच इंची साटा एसएसडी तुमच्या जुन्या सीपीयूतही बसते. 500 जीबीची घेतली तर त्यावर आख्खा सी क्लोन करून, म्हणजे जसाच्या तसा उतरवून, मोठा करता येतो. कोरल, फॉन्ट, प्रिंटर सगळं जागच्या जागी राहतं, आणि जुनी डिस्क निव्वळ पत्रिकांसाठी मोकळी होते. जुन्या डिस्कवरचं काहीही न पुसता हे होतं, म्हणून त्या मुलाला द्यायचंच असेल तर हे काम द्या. विंडोज 10 चा मोफत आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपलेला आहे, तेव्हा पुढचं मशीन किंवा विंडोज 11 हा विचार येणारच आहे. पण तो लग्नसराई उरकल्यावर. मुहूर्ताच्या तोंडावर चालतं मशीन उघडू नये.

बाहेरची डिस्क दुकानात ठेवू नका, घरी न्या. 23 सप्टेंबर 2023 ची पहाट आठवते ना? अंबाझरी तलाव ओसंडला आणि पाणी घरादुकानांत शिरलं. सीपीयू बहुतेक ठिकाणी जमिनीवरच असतो. बॅकअपची डिस्क शेजारच्या ड्रॉवरमध्ये असेल तर दोन्ही एकाच पाण्यात जातात. तुमचाही सीपीयू जमिनीवर असेल तर आजच विटांवर किंवा स्टुलावर चढवा. दर शनिवारी दुकान बंद करताना त्या आठवड्याची फोल्डरं बाहेरच्या डिस्कवर चढवायची आणि ती पर्समध्ये टाकून घरी न्यायची, एवढं नेमानं करा.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, जुन्या पत्रिका ठेवाव्या की टाकाव्या. ठेवा. सीडीआर, म्हणजे कोरलची मूळ फाइल, तशी हलकी असते. जागा खातात त्या आजूबाजूच्या: गिऱ्हाइकाला व्हॉट्सॲपवर पाठवायला काढलेले सात-आठ जेपीजी, प्रत्येक दुरुस्तीची वेगळी पीडीएफ, आणि 'बॅकअप_ऑफ' अशा नावाच्या फाइली, ज्या कोरल प्रत्येक सेव्हला आधीची प्रत म्हणून त्याच फोल्डरात टाकतं. चालू कामाच्या असू द्या, त्यांनी एखाद दिवशी तुम्हाला वाचवलंही असेल. काम छापून, पैसे मिळून मोकळं झालं की त्या काढा. शेवटची सीडीआर, शेवटची पीडीएफ आणि मूळ फोटो, एवढं फोल्डरात राहू द्या.

आणि फोल्डराच्या नावात वर्ष आधी लिहा, मग महिना, मग आडनाव, मग कार्य: '2019-02-देशमुख-लग्न' असं. मग यादी आपोआप सालवार लागते. कारण थोरलीची पत्रिका तुमच्याकडे केलेलं घर धाकटीच्या वेळी पुन्हा तुमच्याकडेच येतं, जुनी पत्रिका हातात घेऊन: "ताई, अशीच करा, फक्त नावं बदला, आणि निमंत्रकांत आबांचं नाव आता वरून खाली, कै. लावून." तेव्हा त्यांच्यासमोर ती फाइल उघडायला तुम्हाला एक मिनिट लागलं पाहिजे.